झेंड्याबाहेरची माणसं

३ फेब्रुवारी

मुंगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे निदान चार ओळी तरी वाचशील. न उघडताच टाकून दिलं असतंस तर मी कुठल्या तोंडानं तक्रार केली असती?

कळवायचं एवढंच, की संग्रहालयातलं दुसऱ्या महायुद्धाचं दालन काढतायत. 'विजय कोणाचा?' ही दारावरची पाटी परवा उतरवली. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो, पण देशोदेशींचे ते लाकडी खांब उतरवताना कुणी माहितगार असावा म्हणून मला बोलावणं आलं. खांब ज्यांनी केले होते तेच मिस्त्री आले होते. आता त्यांना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलतात. एकेक खांब आडवा केला. सोव्हिएत संघाचा सगळ्यात उंच, त्याला चार माणसं लागली. मग अमेरिका, ब्रिटन, चीन, फ्रान्स. पाच झाले आणि मिस्त्री इकडंतिकडं बघायला लागले.

"साहेब, सहावा कुठंय?"

"सहावा बसवलाच नव्हता."

"मी केला होता की! तुमच्या बहिणीनं माप दिलं होतं. अमेरिकेच्या खांद्याला लागत होता."

"त्याचं तिकीटखिडकीमागचं कपाट केलं," मी म्हणालो.

मिस्त्रींनी पेन्सिल कानामागं खोचली. "तरीच. त्या कपाटाची लाकडं फार चांगली होती."

तुला हे कधी नीट सांगणं झालं नाही, म्हणून सांगतो. तो खांब जागेअभावी राहिला. दालनाची लांबी बेचाळीस फूट, खांबांमधून माणसांना फिरायला वाट हवी. निर्णय संचालकांचा होता. पुढं जुलैत आकड्यांवरून जो घोळ झाला त्यात तुला मनस्ताप झाला, याचं मला वाईट वाटतं. कामाच्या गडबडीत अशा गोष्टी होऊन जातात. आता सहा वर्षं उलटली. आपण दोघंही काही तरुण राहिलो नाही.

तब्येतीला जप. वहिनी तुझी आठवण काढते.

दादा


१९ फेब्रुवारी

मुंगी,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्राची कच्ची प्रत टेबलावर राहिली होती, ती तुझ्या वहिनीच्या हाती लागली. चष्मा लावून तिनं ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाली, "हे पत्र आहे की तुमच्या संग्रहालयाचं परिपत्रक? 'मनस्ताप झाला.' आपोआप झाला का, सर्दीसारखा? कुणी दिला ते लिहा."

मी म्हटलं, तिला माहीत आहे.

"तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हे तिला कळू दे. नाहीतर उगाच तिकिटं चिकटवत बसू नका."

तेव्हा लिहितो. जुलैतला तो आकडा मी चुकवला.

मालवाहू जहाजांवर मेलेल्या खलाशांचा तुझा तक्ता होता, देशवार. तो माझ्या टेबलावर बसून मीच पाटीसाठी टाईप केला, कारण टाईप करणारी बाई रजेवर होती आणि उद्घाटनाला चार दिवस उरले होते. दोन ओळींची माझ्याकडून अदलाबदल झाली. एका देशाचे मेलेले दुसऱ्या देशाच्या नावावर गेले. तुझ्या वहीत ते बरोबर होते. माझ्या कागदावर चुकले. दोन महिने भिंतीवर ते तसेच होते आणि मी रोज त्यांच्यासमोरून चहा प्यायला जात होतो.

मग त्या माजी खलाशांच्या संघटनेचं पत्र वर्तमानपत्रात आलं. आमचे मेलेले कुठं गेले, असं त्यांनी विचारलं होतं. त्याच सकाळी मी तू दिलेला मूळ तक्ता काढून ताडून पाहिलं.  म्हणजे विश्वस्त मंडळाची बैठक भरली तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तुला वाटलं असेल मी गोंधळलो, घाबरलो. घाबरलो होतो, पण गोंधळलो नव्हतो. माझ्याकडे तीन दिवस होते. तीन दिवस मी विचार करून ठरवलं.

अध्यक्षांनी विचारलं, "हे आकडे कुणाचे?" मी म्हणालो, "माझ्या बहिणीचे. ती नोकरीत नाही, हौसेनं काम करते." हौसेनं! चार वर्षं तू अभिलेखागाराच्या तळघरात धूळ खात बसली होतीस, बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि मी त्याला हौस म्हणालो.

तुला आत बोलावलं. तू वही उघडून त्यांच्यापुढं सरकवलीस. अध्यक्षांनी वही पाहिली आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "इथं तर बरोबर दिसतंय. मग पाटीसाठी जो कागद आला तो यांनीच दिलेला होता ना?"

मी म्हणालो, "हो. कागद तिनंच दिला होता."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता बोलेल. माझी तयारी होती. तू बोलली असतीस तर काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. तू वही मिटलीस, बगलेत घेतलीस, आणि "अजून काही विचारायचंय का?" एवढंच म्हणालीस.

त्या गप्प बसण्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. त्या आठवड्यात तुझा अभिलेखागाराचा प्रवेश-दाखला रद्द झाला. तुझ्या नावाचा लेख छापायला गेला होता, तो परत आला. तू इथली भाड्याची खोली सोडून दुसऱ्या गावी गेलीस. माझा जीव भांड्यात पडला. हेही लिहितो. त्या दिवशी मला दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं.

दादा


४ मार्च

मुंगी,

आधीच्या दोन पत्रांत मी एक खोटं तसंच राहू दिलं आहे. खांब जागेअभावी राहिला असं मी लिहिलं. बेचाळीस फुटांत आठ खांबसुद्धा मावले असते.

पहिल्यापासून सांगतो. युद्ध जिंकण्यात कुठल्या देशाचा किती वाटा, हे लोकांना एका नजरेत दिसावं म्हणून लाकडी खांब करायचे, ही कल्पना माझी. वाटा जास्त तितका खांब उंच. सैनिक, मृत, शस्त्रं, रसद, लढलेली वर्षं, प्रत्येकाला गुण देऊन मी बेरीज मांडली. तू तो कागद बघून हसत सुटली होतीस. "दादा, तू काय पेपर तपासायला बसलायस? सोव्हिएत संघ ब्याऐंशी, फ्रान्स काठावर पास!"

मी चिडलो. मी म्हटलं, लोकांना तुलना लागतेच, आपण केली नाही तर चहाच्या टपरीवर बसून तेच करतील.

तू समोरची खुर्ची ओढून बसलीस. "बरं, मग सांग. सोव्हिएत संघाचे दोन कोटी सत्तर लाख मेले. त्यांचे सैनिक पुढं सरकले तेव्हा त्यांच्यात लाखो अमेरिकन ट्रक होते. ते ट्रक जहाजांतून आले. जहाजं ज्या समुद्रातून आली तो ब्रिटनच्या आरमारानं राखला. आणि जपानचं एवढं मोठं सैन्य चीननं आठ वर्षं अडवून धरलं नसतं, तर ते कुठं कुठं गेलं असतं? आता यातला ट्रक कुणाच्या गुणांत धरू? ज्यानं बनवला त्याच्या, ज्यानं आणला त्याच्या, की जो त्यात बसून मेला त्याच्या?"

मी म्हणालो, अर्धे अर्धे धरू.

तेवढ्यात माप घ्यायला आलेले मिस्त्री दारातून म्हणाले, "मला ट्रकचं कळत नाही साहेब. पण मेलेला माणूस आणि ट्रक एकाच फळीत मोजायचा म्हणजे फळी फाटणार." तुम्ही दोघं हसलात. मी हसलो नाही. त्या दिवशीच मला कळलं होतं, की तू म्हणतेस ते बरोबर आहे आणि मी म्हणतो ते सोपं आहे.

तरी तू माझ्याशी भांडून निघून गेली नाहीस. म्हणालीस, खांब करायचेच असतील तर एक खांब आणखी कर. ज्यांच्या देशाचा झेंडा तिथं लागणार नाही अशांचा. दुसऱ्यांच्या झेंड्याखाली लढलेले वसाहतींतले सैनिक, खेचरं हाकणारे, डोंगर फोडून रस्ते बांधणारे, जहाजांच्या पोटात कोळसा ओढणारे. त्यांचे आकडे तू काढलेच होतेस. माझ्याच पद्धतीनं गुण लावले तरी त्यांचा खांब अमेरिकेच्या खांद्याला लागला. पाटीवर काय लिहायचं ते तू पेन्सिलीनं लिहून दिलंस. 'झेंड्याबाहेरची माणसं.'

संचालकांना तो खांब आवडला होता, मुंगी. हे तुला आजवर माहीत नाही. ते म्हणाले, "हे नवीन आहे, हे ठेवा." नको म्हणणारा मी होतो. मी त्यांच्या खोलीत अर्धा तास बसून त्यांचं मन वळवलं. म्हणालो, राजदूत येणार, प्रत्येक जण आपापल्या देशाचा खांब बघणार, बिनझेंड्याचा खांब त्यांच्या खांबाहून उंच दिसला तर कपाळाला आठ्या पडतील. संचालक म्हणाले, "तुम्ही विभागप्रमुख आहात, तुम्हाला वाटत असेल तर काढा." दोन मिनिटांत कागदावर काट मारली.

राजदूतांचं मला काही पडलं नव्हतं. मला भीती होती त्या खांबावरच्या फोटोची.

खांबावर लावायला तू बाबांचा फोटो निवडला होतास. जहाजाच्या भट्टीसमोरचा. अंगात फाटका बनियन, तोंड काळं, हातात फावडं, आणि हसताना दिसणारे तेवढेच पांढरे दात. खाली तू त्यांचं नाव घालणार होतीस. आपलं आडनाव.

आणि संग्रहालयात सगळ्यांना माहीत होतं, की माझे वडील युद्धात नौदलात अधिकारी होते.

हे खोटं मी पहिल्यांदा बोललो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वर्गात मास्तरांनी विचारलं, कुणाचे वडील युद्धावर होते? माझ्या पुढं बसणाऱ्याचे वडील पायदळात कप्तान. त्यानं आदल्याच दिवशी बाबांना शाळेच्या फाटकाशी पाहिलं होतं आणि विचारलं होतं, तुमच्याकडे कोळसा टाकायला येतो तोच का हा माणूस? मी उभा राहिलो आणि म्हणालो, नौदल, अधिकारी. मास्तर म्हणाले, शाब्बास. त्या शाब्बासकीवर मी पन्नास वर्षं काढली. कॉलेजात तेच सांगितलं. नोकरीच्या अर्जासोबत जे चार परिच्छेद जोडले त्यांतही तेच. संचालकांनी मला नेमताना ते मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

वहिनीलाही मी लग्नाआधी तेच सांगितलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं सासऱ्यांना कौतुकानं विचारलं, "बाबा, युद्धात तुम्ही काय काय पाहिलंत?" बाबा म्हणाले, "काही नाही गं. माझं तोंड भट्टीकडे आणि पाठ युद्धाकडे होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मला तेव्हा सोडलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आज हे पत्र लिहिताना विचारलं, तर म्हणते, "मला सासरे आवडले होते."

खांबाचं खरं कारण हे. आकड्याच्या वेळी निदान चूक झाली, मग घाबरलो, असं म्हणता येईल. खांबाच्या बाबतीत तसंही म्हणता येत नाही.

दादा


५ मार्च

मुंगी,

काल पत्र टाकलं आणि पेटीपाशीच उभा राहिलो. एक गोष्ट लिहायची राहिली नव्हती, ठेवली होती.

तुला मी फोनवर सांगितलं होतं, की उद्घाटनाच्या दिवशी बाबांचे गुडघे दुखत होते म्हणून ते आले नाहीत. खांब काढला हे दोन दिवस आधी कळल्यामुळे तू तर येणारच नव्हतीस. मी बाबांनाही म्हटलं होतं, गर्दी असेल, नंतर एकदा निवांत दाखवतो.

ते आले होते.

एकटे, बसनं. कोट घालून, बुटांना पॉलिश करून. केस पाण्यानं बसवले होते. खांब काढल्याचं तू त्यांना सांगितलं नव्हतंस. का नव्हतंस ते आता कळतं. त्यांना फक्त एवढं माहीत होतं, की मुलीनं आपला फोटो नेला आहे आणि तो भिंतीवर लागणार आहे.

मी तेव्हा संचालक, अध्यक्ष आणि एका देशाचे राजदूत यांना घेऊन खांबांपुढं उभा होतो. संचालक राजदूतांना सांगत होते, "यांना हा विषय घरातूनच मिळाला. यांचे वडील नौदलात अधिकारी होते." राजदूत माझ्याकडे आदरानं बघत होते. आणि माझ्या कोपराला मागून हात लागला.

"अरे," बाबा हळूच म्हणाले, "आपलं कुठंय?"

मी वळलो. त्यांनी पाचही खांब बघून घेतले असणार, कारण ते दालनाच्या शेवटाकडून आले होते. चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्यालाच नीट दिसलं नसेल, असं वाटलेल्या माणसाचा चेहरा होता.

संचालकांनी विचारलं, "हे कोण?"

मुंगी, मी हे वाक्य आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. वहिनीसमोरही नाही. मी म्हणालो, "हे एक जुने खलाशी आहेत. येतात अधूनमधून."

बाबांचा हात माझ्या कोपरावर होता. तो त्यांनी काढून घेतला. झटकला नाही. गरम भांड्याला चुकून हात लागावा तसाही नाही. सावकाश काढला आणि कोटाच्या खिशात घातला. मग संचालकांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "हो साहेब. जहाजावर होतो."

मला साहेब म्हणाले.

राजदूतांनीच पुढं होऊन त्यांच्याशी हात मिळवला. कुठलं जहाज, कुठला मार्ग, असं विचारलं. बाबांनी सांगितलं, उत्तरेचा, बर्फाचा, रशियाकडं जाणारा. तीन फेऱ्या. राजदूत म्हणाले, "त्या जहाजांतून आलेलं धान्य खाऊन माझी आई जगली." तो परका माणूस माझ्या वडिलांचा हात दोन्ही हातांत धरून उभा होता, आणि मी शेजारी उभा राहून घड्याळ बघत होतो.

बाबा नंतर दाराशी गेले. पहारेकऱ्याला काहीतरी विचारलं. मी खिडकीतून बघितलं, ते बसथांब्याकडे चालले होते. गुडघे खरंच दुखत होते. मी खाली गेलो नाही. पाहुण्यांचा चहा होता.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा म्हणाले, "दालन छान झालंय. लाकूडकाम चांगलं आहे." बस्स. पुढचे सात महिने ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलले. डिसेंबरात गेले. आपण दोघं त्यांच्या खाटेच्या दोन बाजूंना उभे होतो आणि एकमेकांशी बोललो नाही. तुला वाटत होतं, आपल्यात फक्त आकड्यांचं भांडण आहे. मी तुला ते वाटू दिलं.

मी माफी मागत नाही. मागायची तर ज्यांच्याकडे मागायची ते आता नाहीत.

दादा


२२ मार्च

मुंगी,

आज विश्वस्त मंडळापुढं जाऊन आलो.

दालन काढण्याच्या हिशेबाची बैठक होती. मी दहा मिनिटं मागून घेतली. अध्यक्ष तेच आहेत, आता काठी घेऊन चालतात. त्यांना वाटलं, निवृत्तीनंतरचं काही गाऱ्हाणं असेल. मी लिहून नेलं होतं, कारण नुसतं बोलायला लागलो तर मी पुन्हा 'गडबडीत राहून गेलं' असं काहीतरी म्हणेन याची मला खात्री होती.  कागद टेबलावर ठेवून वाचला.

आकडा मी चुकवला. मला तीन दिवस आधी कळलं होतं. बहिणीची वही बरोबर होती, पाटीचा कागद मी टाईप केला होता. मी मंडळाशी खोटं बोललो. माझे वडील नौदलात अधिकारी नव्हते, मालवाहू जहाजावर कोळसा ओढत होते. उद्घाटनाच्या दिवशी आलेले ते जुने खलाशी माझे वडील होते.

शेवटच्या वाक्याला अध्यक्षांनी मान वर केली. त्यांना तो प्रसंग आठवत होता! म्हणाले, "ज्यांच्याशी राजदूत बोलत होते ते?" मी हो म्हटलं. त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आता हे सगळं उकरून काढून काय मिळणार? दालनच राहिलं नाही."

एक नवीन सभासद आहेत, डॉक्टर बाई. त्या म्हणाल्या, "दालन गेलं, पण यांची बहीण आहे ना? तिचा दाखला कुणी रद्द केला? आपणच ना?" आणि लगेच, "मग आपणच परत द्यायचा."

ठराव झाला. तुझा दाखला परत, तुला मंडळाचं पत्र, आणि जुन्या माहितीपुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत चुकीची दुरुस्ती माझ्या नावानिशी. पत्र तुला टपालानं येईल. त्यात 'मंडळाला खेद वाटतो' असलं काहीतरी असेल. वहिनी वाचेल तर फाडून टाकेल.

बाहेर आलो तर जिन्यावर जुने सहकारी भेटले. दोघं बोलले, एकानं दुसरीकडे बघितलं. बरोबरच आहे. मला वाटलं होतं, एवढं केल्यावर हलकं वाटेल. वाटत नाही. बाबा बसथांब्याकडे चालले आहेत, ते तसंच दिसतं.

आता मी तुला लिहिणार नाही. उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

दादा


९ एप्रिल

दादा,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पहिलं वाचून फाडलं. दुसऱ्यापासूनची ठेवली आहेत.

चौथ्या पत्रातलं मला नवीन नव्हतं.

बाबा त्या दिवशी संग्रहालयातून निघून सरळ माझ्या खोलीवर आले. दोन बस बदलून. मी दार उघडलं तर म्हणाले, "मुंगे, पाणी दे." मग खुर्चीवर बसून बूट काढले आणि सगळं सांगितलं. मी उठले, चप्पल घातली. तुझ्याकडे यायला निघाले होते, त्या सगळ्या पाहुण्यांसमोर. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "त्याच्याभोवती मोठी माणसं होती. मीच मध्ये जायला नको होतं. त्यानं नको सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही." दादा, त्यांनी माझ्यासमोर स्वतःची चूक काढली. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, अपराध केल्यासारखं तोंड करून, मोज्यांत बसला होता. तू त्यांना ओळख दिली नाहीस याचा राग मी कदाचित गिळला असता. त्यांच्या त्या चेहऱ्याचा मात्र मला गिळता आला नाही, आणि येणारही नाही. हे तुला माहीत असावं.

जाताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "त्याला चार लोकांत खाली बघायला लावू नकोस. लहानपणापासून त्याला ते सोसत नाही." शाळेतली गोष्ट त्यांना ठाऊक होती. मास्तरांनीच त्यांना सांगितली होती, तुमचा मुलगा अभिमानानं सांगत होता म्हणून. बाबांनी मास्तरांना 'हो, बरोबर आहे' म्हटलं होतं.

तेव्हा मंडळासमोर मी गप्प बसले ते तुझ्यासाठी नव्हे. त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

मंडळाचं पत्र आलं. खेदच वाटतो आहे त्यांना. पण दाखला आला, आणि तो मला हवा होता. बंद असलेली जहाजांची हजेरीपत्रकं आता खुली झाली आहेत, असं कळलं. त्यांत आकडे नाहीत, नावं आहेत. एकेका जहाजावरच्या एकेका माणसाचं नाव, आणि पुढं त्याचा अंगठा. कुठला देश पहिला आणि कुठला दुसरा, ते तुझं तू बघ. मला ती नावं उतरवायची आहेत. किती वर्षं लागतील माहीत नाही.

सोळा तारखेला येते. उतरायची सोय मी दुसरीकडे केली आहे. तुला तळघरात यायचं असेल तर मी अडवणार नाही, दोन माणसांचं काम आहे.

वहिनीला सांग, दुपारी जेवायला येते. तुझ्याशी बोलेनच असं नाही.

मुंगी